सात तारखेचा अंक

"डॅड, जपून! सॉसेज रोलचे हात आधी पुसा. नक्कल नाहीये ही," जिलियन ओरडली. "खराखुरा अंक आहे. त्याच दिवशी छापलेला."

व्हिक्टर स्नीथने हात विजारीला पुसले आणि निळ्या चामडी फोल्डरमधून वर्तमानपत्र बाहेर काढलं. फोल्डरवर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव होतं. ऐंशीव्या वाढदिवसाला गावच्या हॉलमध्ये जमलेली माणसं खुर्च्या मागे सारून भोवती गोळा झाली. ८ मे १९४५. आडवा एकच मोठा मथळा, युरोपातलं युद्ध संपल्याचा. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. जणू काही युद्ध व्हिक्टरनेच संपवलं होतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लेनर्ड स्नीथ चहा ढवळत बसला होता. साखर तो घेत नसे, तरी ढवळत होता.

हे दोघे जुळे भाऊ. लेनर्ड आधी जन्मला, सात मेच्या रात्री साडेअकराला. व्हिक्टर अर्ध्या तासाने, बाराचा ठोका पडता पडता, म्हणजे आठ तारखेला, ऐन विजयदिनी. म्हणून त्याचं नाव व्हिक्टर. लेनर्ड हे आईच्या एका काकांचं नाव, आणि ते काका कालव्यात पडून गेले होते, तेही दारू न पिता.

तेव्हापासून केक आठ तारखेला. दोघांचा मिळून एकच, वर छोटे झेंडे लावलेला. शाळेत दर मे महिन्यात बाई व्हिक्टरला बाकावर उभं करत आणि लेनर्डला त्याच्या शेजारी झेंडा धरायला लावत. पुढे व्हिक्टरने खाटकाचं दुकान घातलं, अख्ख्या थोर्प ड्रोव्ह गावाच्या जिभेवर त्याच्या डुकराचं मांस भरलेल्या पेस्ट्रीची चव बसली. लेनर्ड पाणी उपसण्याच्या केंद्रावर पंपांची देखभाल करायला लागला. तिथली जमीन समुद्रसपाटीच्या खाली. पंप थांबले तर बटाटे पोहायला लागतील. पण चालू पंपाकडे कोण बघतं?

लेनर्ड जळायचा. सरळ सांगायचं तर ऐंशी वर्षं जळत आला होता. व्हिक्टर वाईट असता तर निदान सोय झाली असती, पण तो चांगला होता आणि त्यामुळे जास्तच जळायला व्हायचं. पबमध्ये दुसऱ्या ग्लासानंतर लेनर्ड आपलं ठेवणीतलं अस्त्र काढायचा.

"युद्धात घड्याळं दोन तास पुढे केलेली होती. सूर्याला विचारा! सूर्याच्या हिशेबाने हासुद्धा सातलाच जन्मला, रात्री दहाला!"

"मग केक आणायला सूर्यालाच सांग, लेन," पबचा मालक डेस्मंड म्हणायचा, आणि सगळा पब खिदळायचा.

आजवर एक समाधान होतं. व्हिक्टरला पन्नाशीला, साठीला, पंचाहत्तरीला मिळालेले ते विजयदिनाचे अंक म्हणजे निव्वळ नकला होत्या, गुळगुळीत पांढऱ्या कागदावरच्या. लेनर्ड नाक मुरडून म्हणायचा, 'असले ढिगाने मिळतात.' अस्सल अंक उरलेतच कुठे? त्या काळी लोकांनी त्यात मासे बांधले, चुली पेटवल्या आणि उरलेले चौकोन कापून संडासात दोरीला अडकवले. आता हा अस्सल आला होता. पिवळा पडलेला, पातळ, कपाटाच्या तळाचा वास येणारा.

"आणि लेन अंकल, हा तुमचा," जिलियनने दुसरं निळं फोल्डर त्याच्यापुढे ठेवलं.

सोनेरी अक्षरांत लेनर्ड. आयुष्यात पहिल्यांदा वेगळी भेट, स्वतःच्या नावाची. त्याने चष्मा पुसला, फोल्डर उघडलं.

७ मे १९४५. घोषणा कोणत्याही क्षणी, असं वरच्या कोपऱ्यात बोटभर छापलेलं. बाकी सगळं बटाट्याचं बियाणं, सायकलचोराला झालेला दंड आणि पायाच्या कुरुपावरचा मलम. जन्मभराच्या सवयीने लेनर्डने आधी हवामान शोधलं. तेही नव्हतं. युद्धात पाऊससुद्धा गुपित असायचा.

डेस्मंडने खांद्यावरून वाकून खड्या आवाजात वाचलं, "'हरवला आहे. तपकिरी लोकरी हातमोजा, डाव्या हाताचा. आणून देणाऱ्याचे आभार मानले जातील.' घ्या! लेनच्या जन्माची मोठी बातमी!"

हॉल हसून हसून लोटपोट झाला. जिलियनचा चेहरा पडला, बिचारीच्या मनात तसं काही नव्हतं. व्हिक्टर तेवढा हसला नाही. त्याने हात पुढे केला. "बघू रे जरा, लेन."

"तुझ्याकडे आहे ना तुझा? तो बघ!" लेनर्डने फटकन फोल्डर मिटलं.

संध्याकाळी सगळे मैदानावर गेले. उंच खांबावरची विजयाची मशाल पेटवायचा मान अर्थातच व्हिक्टरचा. लेनर्ड म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी किटलीकडे बघतो." बाहेर लोक उलटे आकडे मोजू लागले तेव्हा त्याने दोन्ही फोल्डर उघडले. आठचा अंक आपल्या फोल्डरमध्ये, सातचा व्हिक्टरच्या. ऐंशीव्या वर्षी चोरी केली, आणि हातसुद्धा थरथरले नाहीत. याचीच त्याला जरा भीती वाटली.

"कोट का काढत नाहीस?" घरी आल्यावर बायकोने, मॉरीनने विचारलं.

"गारठा आहे," कोटाखालचं फोल्डर दाबून धरत तो म्हणाला. मे महिना होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

ती न्हाणीघरात गेल्यावर त्याने अंक टेबलावर पसरला आणि वाचायला घेतला. आधी घाईघाईने, मग सावकाश, मग बोट ठेवून. काल शरणागतीवर सह्या झाल्या. काल संध्याकाळी रेडिओने सांगितलं. काल अंधार पडताच लोकांनी शेकोट्या पेटवल्या, रस्त्यात नाच केला. प्रत्येक बातमी कालची! वर्तमानपत्र आजच्या तारखेचं असतं आणि त्यात गोष्ट कालची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. शरणागती सातला. शेकोट्या सातला. व्हिक्टरच्या नावावर गावाने ज्या दिवसाचा केक कापला, तो दिवस लेनर्डचा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही ऐंशी वर्षांचा.

रात्री त्याला झोप आली नाही. गादीवर पडून तो वाक्यं जुळवत राहिला. आधी व्हिक्टरला ऐकवायचं, मग पबमध्ये. डेस्मंडला तर मोठ्याने वाचायला लावायचं.

सकाळी अंक कोटात घालून तो व्हिक्टरच्या मागच्या दाराने आत शिरला. बायको गेल्यापासून व्हिक्टर एकटाच राहायचा. स्वयंपाकघरात तो टेबलाशी बसला होता, अजून झोपायच्याच कपड्यांत. पुढे सातचा अंक पसरलेला, एका कोपऱ्यावर मुरंब्याची बरणी, हातात भिंग.

"ये. वाटलंच मला," तो म्हणाला.

लेनर्ड कोट न काढता उभाच राहिला. "तुला कळलं?"

"काल रात्रीच. उघडून बघतो तर हातमोजा हरवलेला."

"मग फोन का नाही केलास? शिव्या तरी द्यायच्यास."

"वाचत होतो," व्हिक्टर म्हणाला. "बस ना. मला हा अंक कधी कुणी दिलाच नाही, लेन. आठ तारखेचे कपाटात पडलेत. व्हिक्टरचा दिवस, व्हिक्टरचा दिवस! माझा कसला दिवस? मी आलो आणि चर्चची घंटा वाजायला लागली. दाई खिडकीशी पळाली, आजी रस्त्यात. मला टॉवेलात गुंडाळलं आणि पलंगाच्या पायथ्याशी ठेवून दिलं, पावासारखं."

"कोण म्हणतं?"

"आई. 'तुझ्याकडे बघायला कुणाला सवडच नव्हती रे, व्हिक,' म्हणायची. 'लेनकडे मात्र मी अर्धा तास नुसती बघत होते. आजूबाजूला चिडीचूप. त्याची नखंसुद्धा मोजली.'"

लेनर्ड खुर्ची ओढून बसला. "मला कधी बोलली नाही ती."

"तू सदा पंपांवर. शेवटच्या वर्षी तिच्या उशाशी मी होतो. रोज तीच गोष्ट सांगायची, आणि हसायची. मीही हसायचो. आणि रोज माझ्या पोटात दुखायचं."

"कशाने?"

"कशाने काय, गाढवा? तुझ्यामुळे! मशाल काय, कुणालाही पेटवता येते. तो अर्धा तास मला कुठे मिळणार होता?"

कोटात आठचा अंक छातीला टोचत होता. काल, काल, काल. सगळा पुरावा हाताशी होता आणि सांगायला याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. पण लेनर्डला वाटलं, आता हे सांगितलं तर या माणसाकडे उरतं काय? शिवाय त्याला स्वतःच्याच नखांकडे बघावंसं वाटत होतं. तो बघत बसला. ग्रीस वर्षानुवर्षं मुरलेली जाड, वेडीवाकडी नखं.

"ठेवू का रे मी हा?" व्हिक्टरने विचारलं.

"ठेव. हवामान दिलेलं नाही त्यात, तेवढं सांभाळून घे."

व्हिक्टरने भिंग पुन्हा उचललं. लेनर्डने किटली चढवली.

पबमध्ये त्यानंतर सूर्याचा विषय निघाला नाही. डेस्मंडने एकदा डिवचून पाहिलं, तर लेनर्ड म्हणाला, "जाऊ दे रे, जुनी गोष्ट."

नोव्हेंबरात व्हिक्टर झोपेतच गेला. हृदय थकलं होतं, डॉक्टर म्हणाले. शवपेटी बंद करायच्या आधी घरच्यांना पाच मिनिटं दिली, तेव्हा जिलियनने पिशवीतून ते निळं फोल्डर काढलं. "डॅडबरोबर हे जाऊ दे," ती म्हणाली आणि अंक बाहेर काढून दचकली.

"लेन अंकल! हा तर सात तारखेचा. हा तुमचा आहे. अदलाबदल झाली वाटतं त्या दिवशी! त्यांचा तुमच्याकडे असेल. आणता का? पेटी बंद करणारे थांबतील तोवर."

दाराशी पेटी उचलायला आलेला डेस्मंड टोपी हातात धरून उभा होता. तो लेनर्डकडे बघत होता.

"बरोबर आहे," लेनर्ड म्हणाला.

"पण त्यांचा दिवस तर आठ..."

"बरोबर आहे म्हटलं ना, बाळ. हाच त्याचा."

त्याने अंक घडीवर घडी घालून व्हिक्टरच्या हाताखाली सरकवला. हात उचलताना त्याने भावाची नखं पाहिली. स्वच्छ, नेटकी, खाटकाची. त्याने ती एकेक करून मोजली, दोन्ही हातांची, आणि मगच बाजूला झाला.

बाहेर बारीक पाऊस लागला होता. लेनर्ड पायरीवर उभा राहिला. व्हिक्टरवाचून या जगात असा तो पूर्वी एकदाच राहिला होता, अर्धा तास. पण तेव्हा त्याच्याकडे बघायला आई होती.