कुठं म्हणायचं न्हाई

वर्गात मी पुस्तकातलं बोलते. पण राग आला की जीभ माहेरच्या वळणावर जाते. आज लय राग आलाय, तवा ऐकून घ्या.

मी क्रांती, मलकापुरात चौथीला शिकवते. नवरा फौजेत, तिकडं राजस्थानात. घरात मी, आठ वर्षांची अंकिता, सासूबाई आणि सासरे नानासो. नानांना वरीसभर झालं, विसरायला होतंय. जेवून उठतात आणि परत ताट मागतात.

गेल्या आठवड्यात वरनं पत्र आलं. सांगलीला, विश्रामबागला तीन दिवस प्रशिक्षण. विषय काय, तर मुलांचं कुतूहल कसं वाढवायचं!

पहिल्या दिवशी सकाळी पर्स खांद्याला अडकवली, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि मागनं अंकिता म्हणाली, "आई, कुठं चाललीस?"

झालं! निघालेल्या माणसाला आमच्यात कुठं म्हणून विचारत न्हाईत. विचारलं की काम मोडतं म्हणतात. सासूबाई आतनं कडाडल्या, "लावलंस का आडवं, भवाने?" मग मला माघारी येऊन पाटावर टेकावं लागलं, घोटभर पाणी प्यावं लागलं. तेवढ्यात सातची यष्टी गेली. मी पोरांना विज्ञान शिकवते, बरं का! तरी फिरले आणि पोरीच्या कानाखाली वाजवली. "निघालेल्या माणसाला कुठं म्हणायचं न्हाई. किती येळा सांगायचं गं?"

विश्रामबागेत पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्या. साहेबांनी विचारलं, घरी मूल प्रश्न विचारतं तेव्हा तुम्ही काय करता? मी उभी राहिले. म्हणाले, "सर, मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि तिच्याजवळ बसते." टाळ्या पडल्या. आणि मी त्या घेतल्या, मेलीनं!

तिसऱ्या दिवशी अकराला सासूबाईंचा फोन आला. रडत होत्या. नाना सकाळधरनं घरात न्हाईत.

कोपऱ्यावरच्या चहावाल्या पप्पूला फोन लावला.

"गेले की वहिनी, साडेआठला. टोपी घालून, पिशवी घेऊन."

"आणि तू विचारलं न्हाईस?"

"आवं, म्हातारं माणूस निघालेलं. कुठं म्हणून आडवं कसं लावायचं?"

शेजारच्या कृष्णातानं तर कमालच केली. नानांना गाडीवर बसवून कराडच्या स्टँडवर सोडून आला आणि तोंडातनं चकार शब्द काढला न्हाई! ह्याच गल्लीला माझा पगार किती, दुसरं मूल कवा, नवरा सुट्टीला का आला न्हाई, सगळं विचारायचं असतं. तवा कुणाला आडवं लागत न्हाई. आग लागो असल्या शकुनाला!

मी सासूबाईंना म्हणाले, अंकिताला फोन द्या.

"तू बघितलंस नानांना जाताना?"

"व्हय. फाटक मीच उघडून दिलं."

"मग विचारायचं न्हाईस, नाना, कुठं चाललाय म्हणून?"

ती बारीक आवाजात म्हणाली, "तूच नको म्हणालीस ना."

मी प्रशिक्षणाच्या दारात, चपलांच्या ढिगापाशी खाली बसले.

कराडला राहणारे माझे दीर तिथला स्टँड पालथा घालत होते आणि नाना सांगलीच्या यष्टीत बसले असतील म्हणून मी सांगलीचा. चार वाजता अनोळखी नंबरावरनं फोन आला. माधवनगरहून कुणी मनुबाई बोलत होती, पेरू विकणारी. तरणेपणी नाना तिथल्या कापडगिरणीत कामाला होते. ती गिरणी बंद पडूनसुद्धा जमाना झाला. मनुबाईनं त्यांना भर उन्हात बसलेलं बघितलं आणि सरळ विचारलं, आजोबा, कुठं जायचंय? नाना म्हणाले, पहिल्या पाळीला. मग बाईनं सोडलंच न्हाई. गाव कुठलं, घरी कोण, पिशवीत काय? पिशवीत औषधाची चिठ्ठी होती, तिच्यावर माझा नंबर.

मी रिक्षानं पोचले. नानांच्या पायात एकच चप्पल, ओठ वाळलेले. मला बघून म्हणाले, "क्रांती, तू हितं कशी गं?"

मी मनुबाईचे हात धरले. "मावशी, तुमच्यात आडवं लागत न्हाई व्हय?"

"लागतंय की. पर मानूस उन्हात बसलंय, त्येला इचारायचं न्हाई व्हय?"

आज सकाळी शाळेला निघाले आणि उंबऱ्यात थांबले. अंकिता दप्तर भरत होती. मी वाट बघितली. तिनं मान वर केली न्हाई.

"अंकू, विचार मला. कुठं चाललीस म्हणून विचार."

तिनं दप्तराची चेन ओढली.

"अगं विचार की!" माझा आवाज परत चढला.

तिनं झटकन हात गालावर नेला. "न्हाई विचारत आई," ती म्हणाली. "आता कवाच न्हाई विचारत." आणि शाबासकी मिळंल म्हणून माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.