पेटीतले बटाटे

“पुढे मोठी पेटी असलेली, ती पेटीची सायकल बाबा चालवेल,” योरीनने परस्पर जाहीर करून टाकलं. “फेना पेटीत बसेल, तिच्या पायाशी डबे आणि रेनकोट. सायकलवर एवढं आयुष्य काढलेला दुसरा आहे कोण आपल्यात?”

डिनेकेचा, म्हणजे योरीनच्या आईचा, साठावा वाढदिवस होता. बाहेरच्या खोलीत नेहमीप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या होत्या. इथल्या रीतीप्रमाणे आलेला प्रत्येक जण आधी डिनेकेचं, मग तिच्या नवऱ्याचं, मग लेकीचं आणि जावयाचं अभिनंदन करून आपापल्या खुर्चीत बसला होता. एकेक कप कॉफी, केकचा एकेक तुकडा. दुसरा तुकडा कोणी मागत नाही आणि कोणी विचारतही नाही. मधल्या टेबलावर कोपनहेगनचा नकाशा पसरला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्यांनी आगगाडीने तिथे जायचं, सायकली भाड्याने घ्यायच्या आणि आठवडाभर शहर पालथं घालायचं, असा योरीनचा बेत होता.

योरीनच्या बाबाने, बेरेंडने, केकमध्ये काटा खुपसला आणि तो तसाच राहू दिला.

“आपल्या झुत्फेन गावातले लोक सायकल चालवायला डेन्मार्कला जाणार!” डिनेकेची बहीण हिल्का म्हणाली. “का गं योरीन, इथले रस्ते काय झिजले की काय?”

“मावशी, तिकडे समुद्रापर्यंत सायकलचा रस्ता आहे.”

“समुद्र आपल्याकडेही आहे. आणि फुकट आहे.”

जावई श्यूर्ड मात्र सगळं वाचून आला होता. कुठलंही काम तो असंच करायचा, पावाला लोणी लावायचं असलं तरी. “तिकडचे नियम वेगळे आहेत हं,” तो नकाशावर वाकून म्हणाला. “थांबायच्या आधी हात वर करायचा. डावीकडे एकदम वळायचं नाही, आधी चौक ओलांडायचा, थांबायचं, मग वळायचं. आणि आपण उजवी कड सोडायची नाही. लोक मागून येतात आणि डावीकडून पुढे जातात. सुसाट.”

“डावीकडून?” बेरेंडने विचारलं.

“मग काय डोक्यावरून जातील?” हिल्का म्हणाली आणि सगळा गोल हसला. बेरेंडही हसला, जरा उशिराने.

हिवाळ्यात, रस्त्याकडेला बर्फ असताना, पुलाजवळच्या चौकात एक सायकलवाला त्याच्या अगदी पुढ्यातून शिव्या घालत गेला होता. तो डावीकडून आला होता आणि येताना बेरेंडला दिसलाच नव्हता. कोणाला न सांगता बेरेंड डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली आहे, ती परत यायची नाही. रोज थेंब टाका, म्हणजे उरलेली टिकेल. “आणि सायकल?” बेरेंडने विचारलं होतं. डॉक्टरांनी खांदे उडवले. ते तुमचं तुम्ही ठरवायचं, म्हणाले. घरी येऊन त्याने डिनेकेला सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय.

थेंबांची बाटली त्याने शेडमध्ये, पंक्चरच्या सामानामागे लपवली. सांगितलं असतं तर काय झालं असतं? कोणी ओरडलं नसतं. पण या गावात बाजार सायकलवर, पोहायला जाणं सायकलवर, मयताला जाणंसुद्धा सायकलवर. सायकलवरून उतरवलेला माणूस खिडकीत बसतो आणि बाकीच्यांना जाता-येताना बघतो. बेरेंडने जन्मभर सायकलवरून टपाल वाटलं होतं, आणि अशा खिडक्यांतली माणसं त्याला नावानिशी माहीत होती. त्यांच्यात जाऊन त्याला बसायचं नव्हतं.

आणि आता पेटीत फेना. चार वर्षांची, एकुलती एक नात.

निघताना योरीन म्हणाली, “शेजारच्या योस्टने त्याची पेटीची सायकल द्यायचं कबूल केलंय. उद्या आणून ठेवते. रविवारी बांधावरून एक फेरी मारू सगळे. रंगीत तालीम!”

“माझा गुडघा जरा...” बेरेंडने सुरुवात केली.

“गुडघ्याला व्यायामच लागतो, बाबा.”

शुक्रवारी सकाळी डिनेके बाजारात गेली तेव्हा त्याने शेडमधून बटाट्यांची गोणी काढली. हातांवर तोलून पाहिली. साधारण फेनाएवढी भरत होती. ती त्याने पेटीतल्या बाकावर उभी ठेवली, लहान मुलांचा पट्टा तिच्याभोवती आवळला आणि तो नीट बसलाय का ते दोनदा ओढून पाहिलं. आपण वेडेपणा करतोय हे त्याला कळत होतं. पण फेनाला घेऊन काय होतं ते रविवारी कळण्यापेक्षा बटाट्यांना घेऊन आज कळलेलं बरं.

आयसेल नदीच्या बांधावर वारा होता. दर थोड्या वेळाने बेरेंड मान पुरती वळवून डावीकडे बघायचा, पुन्हा समोर. जमतंय, त्याला वाटलं. तेवढ्यात समोर रस्त्याचा खचलेला तुकडा आला. तो चुकवायला त्याने हँडल जरासं डावीकडे घेतलं. घंटी ऐकू आली, पण ती कुठून येतेय ते कळायच्या आत पेटीला धक्का बसला, सायकल कलंडली आणि तो गवतावर आडवा झाला. पेटी उतारावर उलटी पडली होती.

“घंटी वाजवली होती मी!” एक बाई रस्त्यावरून उठत ओरडली. तिचं कोपर खरचटलं होतं. “वाजवली होती ना?” मग तिची नजर पेटीकडे गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. “आत कोण आहे? अरे देवा, आत कोण आहे?”

बेरेंड गवतातून उठायची धडपड करत होता. ती बाई उतारावरून जवळजवळ घरंगळतच खाली गेली, गुडघे टेकून तिने दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि आत पाहिलं. मग ती गवतात फतकल मारून बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

“बटाटे! पट्टा बांधून बटाटे! मला वाटलं मूल आहे हो. शपथ सांगते, मला वाटलं मूल आहे.”

पट्टा जागच्या जागी होता. गोणी मात्र फाटली होती, बटाटे पार पाण्यापर्यंत गेले होते. पेटीच्या कडेवर आपटून काही फुटले होते, त्यांच्याकडे बेरेंडला बघवेना. त्या बाईने त्याला बटाटे गोळा करायला मदत केली आणि निघताना म्हणाली, “आजोबा, घरी जाल ना नीट?” तो सायकल हातात धरून चालत घरी आला.

“बटाटे मातीत कसे लोळले?” डिनेकेने संध्याकाळी विचारलं.

“हातातून पडली गोणी.”

तिने ते धुतले, उकडले, कुस्करले. त्याला एक घास उतरला नाही.

रविवारी ऊन पडलं होतं. योरीन आणि श्यूर्ड दारात आपापल्या सायकली घेऊन उभे होते, डिनेके कुलूप लावत होती. फेना पेटीत बसून “चल, आजोबा, चल” करत होती. योरीनने तिचा पट्टा आवळला आणि सायकल बेरेंडच्या हातात दिली. बेरेंडने हँडल धरलं. त्याचा पाय पेडलवर चढेना. त्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, बापाच्या आजारपणातसुद्धा नाही.

“बाबा, अरे निघ ना.”

“मला डावीकडचं दिसत नाही,” बेरेंड म्हणाला.

“काय?”

“डाव्या डोळ्याने कडेचं काही दिसत नाही. काचबिंदू आहे. परवा बांधावर एका बाईला पाडलं मी. पेटीत बटाटे होते म्हणून निभावलं.”

मग योरीनच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“आणि बुधवारी? दर बुधवारी तू हिला शाळेतून आणतोस! पुलावरून! त्या चौकातून! तुला कळतं का काय झालं असतं? माझी पोर आहे ती!”

“आम्ही चालत येतो,” फेना पेटीतून म्हणाली.

योरीन तिच्याकडे वळली. “काय म्हणालीस?”

“मी मागे सीटवर बसते आणि आजोबा ढकलतो. त्याची सायकल दमलीय ना.”

“कधीपासून?”

फेनाने विचार केला. “बर्फ होता तेव्हापासून.”

“पावसातसुद्धा?”

“पावसात आजोबा गाणं म्हणतो. ते संपतच नाही.”

योरीनने तोंड फिरवलं आणि बाहीने नाक पुसलं. शाळेपासून घर म्हणजे पूल, बाजार आणि अख्खा कालवा. एवढ्या वाटेने तिचा बाप इतके बुधवार चालत आला होता, आणि उशीर झाला म्हणून फोनवर तिचीच बोलणी खात होता.

“आणि मी तुझ्यासाठी चष्म्याच्या फ्रेमी बघत हिंडले,” डिनेके हळूच म्हणाली. “दुकानदाराचा जीव खाल्ला. मी म्हणजे बावळट ती बावळट.”

“मला उतरवाल असं वाटलं,” बेरेंड म्हणाला.

“उतरवणारच होतो,” डिनेके म्हणाली. “उतरवायलाच हवं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, पण माघारही नव्हती. श्यूर्ड पुढे आला. “द्या इकडे, मी घेतो,” एवढंच म्हणून त्याने पेटीच्या सायकलचं हँडल धरलं. बेरेंडला आपली बोटं सोडवायला थोडा वेळ लागला, आणि श्यूर्डने तो लागू दिला.

“तुम्ही जाऊन या कोपनहेगनला,” बेरेंड म्हणाला. “मी घर सांभाळतो. आताही जा. मी इथे बसतो.”

“कुठे, खिडकीत?” डिनेकेने तिची सायकल ओढून आणली, मागच्या कॅरिअरवरची धूळ हाताने झटकली. “बस.”

“मी? मागे?”

“मग काय पेटीत बसतोस?”

“लोक बघतील.”

“बघू देत. लग्नाआधी मी तुझ्या मागे बसत होते तेव्हा हेच लोक बघत होते.”

समोरच्या घरातली माणसं खरंच बाहेर आली होती. बेरेंडने त्यांना मान झुकवून नमस्कार केला. डिनेकेने पेडल मारलं. पळत पळत उडी मारून बसायचं असतं हे त्याला माहीत होतं, पण मागे बसणारा म्हणून ते त्याने कधी केलं नव्हतं. पहिल्या वेळी तो चुकला. दुसऱ्या वेळी बसला, आणि सायकल अशी लटपटली की डिनेके “अगं आई” म्हणून ओरडली. मग ती सावरली. त्याने तिच्या कोटाला गच्च धरलं.

पुढे श्यूर्डच्या पेटीतून फेना मागे वळून बघत हसत होती. योरीन तिच्या बाजूने सायकल चालवत होती. कालव्याच्या कडेने डिनेके धापा टाकत पेडल मारत होती, आणि त्याचे बूट रस्त्यावर खरडत होते.

“पाय वर घे,” ती म्हणाली.

“घेतलेत,” बेरेंड म्हणाला, आणि त्याने ते आणखी वर घेतले.