मायेनं सांगितलेलं

आमच्या मंठ्याच्या चर्चचे जुने पाळक माइकवर नुसते खेकसायचे. नव्या पाळकांचा आवाज इतका मऊ, की भांडून आलेला माणूसही गप बसून ऐकतो.

बाबा दर रविवारी आईला चर्चला सोडायचे आन् स्वतः बाहेर गाडीवर बसून राह्यचे. बाप्तिस्मा काही घेतला न्हाई. ते वारल्यावर आम्ही घरी प्रार्थना ठेवली. मी आईचा हात धरून बसले होते. पाळक डोळे मिटून, अगदी मायेनं म्हणाले, "बाप्तिस्म्याविना गेलेल्याला प्रभूच्या घरात जागा नाही."

"आमेन," सगळ्यांबरोबर मी पण म्हणले.

हेच जुन्या पाळकांनी खेकसून सांगितलं असतं, तर मी तिथंच भांडले असते.

आईनं माझ्या हातातला हात हळूच काढून घेतला.