सोमलाचे हात

माह्या बाबाच्या तळव्यावर ज्वारीच्या दान्यासारखे दाने होते. टनक. लहानपनी मले वाटे, साऱ्याच बाप लोकाईचे हात असेच असतेत.

बाबा अकोल्यात रेल्वे लाईनीच्या पलीकडे कातड्याच्या गोदामात कामाले होता. कत्तलखान्यातून मीठ लावलेले कातडे येत. ते सोमलाच्या पान्याच्या हौदात बुडवाचे, हातानं पलटवाचे, मंग काढून वाळू घालाचे. सोमल म्हंजे जहरच. त्यानं कातड्याले किडा लागत नाई. बाबाचे हात कोपरापर्यंत त्या पान्यात, अठरा वर्सं. नव्या मानसाचे हात पयले जळतेत, सालटं निंगतेत, दोन-चार वर्सानं दाने येतेत. मंग बाकीचे म्हनत, "याचा हात पिकला." बाबासंग काम करनारा सहदेवकाका आपले दाने कातडं तासाच्या रापीनं खरवडे आन म्हने, "आता मले साप चावला तं सापच मरन."

पन आमच्या वस्तीत हे सांगाचं नोतं. दीक्षा घेतली तवा वस्तीनं ठरवलं होतं, मेलेलं ढोर कोनी ओढनार नाई, कातड्याले कोनी हात लावनार नाई. बाबानं साऱ्याईसमोर आपली रापी मोर्णा नदीत फेकली. दुसऱ्या दिवशी पाह्यटेच तो गोदामात गेला, काहून का दुसरं काम कोनी देईना. वस्तीत सांगतलं, जिनिंगमंदी लागलो, रुईच्या गाठी उचलतो. येताना नळावर आंग धुवे, सदरा बदले, कडूनिंबाचा पाला चोळे. तरी वास जाये नाई.

शाळेत मी सातवीत होती. पान्याच्या माठाजवळ ललिता म्हने, "शालूजवळ कातडं वासते." म्या तिच्या डोक्यात पाटी हानली. गुर्जी म्हने माफी माग. म्या दप्तर उचललं, साऱ्या वर्गाले आयकू जाईन असं म्हनलं, "माहा बाप जिनिंगमंदी आहे," आन घरी आली. पुन्हा गेली नाई. त्या दिवसापासून ते खोटं बाबाचं कमी आन माहं जास्त झालं.

मांगच्या हिवाळ्यात बाबाच्या उजव्या हाताच्या बोटाखालचा एक दाना फुटला. हळद लावली, पाला बांधला. भरे नाई. बाबा चिंधी गुंडाळून हात हौदात घाले. माय मजुरीले जाये, तं मले म्हने, "तुले वाचता येते, तू ने त्याले डॉक्टरकडे."

गेलो. बाकड्यावर आमच्या मांगं वस्तीतली पंचफुलामावशी बसेल होती, नातवाले घेऊन. डॉक्टरनं हात पाह्यला आन इचारलं, "काम काय करता?"

बाबानं माह्याकडे पाह्यलं. त्याचं तोंड उघडलं होतं. तो सांगनार होता, हे मले तवाच समजलं.

"जिनिंगमंदी साहेब," मी म्हनलं. "रुईच्या गाठी उचलते."

"मग गाठीची लोखंडी पट्टी लागली असेल," डॉक्टर म्हने. त्यानं कागदावर तसंच लिवलं आन मलम देलं.

भाईर आल्यावर पंचफुलामावशी म्हने, "जानरावभाऊ, पोट्टी मोठी चपळ आहे तुमची. तुमाले बोलूच देत नाई."

"हो, बोलते खरी," बाबा म्हने.

घरी येता येता त्यानं एकदाच इचारलं, "डॉक्टरले खरं सांगाले पाह्यजे होतं काय वं, शाले?"

माहं डोस्कं फिरलं. "जा मंग, सांगा. डॉक्टरलेच काहून, पंचफुलामावशीलेही सांगा, साऱ्या वस्तीले सांगा."

त्यानं पुन्हा इचारलं नाई. दुसऱ्या दिवशी मलम लावून, चिंधी बांधून कामावर गेला.

पाच महिने गेले. जखम फुलकोबीसारखी वर आली. काखेत लिंबाएवढी गाठ झाली. मंग मी त्याले एस्टीनं अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं दोन्ही तळवे पलटून पाह्यले. सदरा काढाले लावला. पाठीवर बारीक बारीक पांढरे ठिपके होते, चुना उडाल्यासारखे. मी रोज त्याच घरात राहून ते कधी पाह्यले नोते. डॉक्टरनं अकोल्याचा कागद वाचला.

"रुईनं असे हात होत नाहीत," तो म्हने. "हे सोमलाचे हात आहेत. कातड्याचं काम करता ना?"

बाबानं हो म्हनून मान हालवली.

"हा कॅन्सर आहे. पहिल्यांदा दाखवलं तेव्हाच समजलं असतं, तर कदाचित बोटावर भागलं असतं. आता मनगटापासून हात काढावा लागेल. काखेतली गाठ वेगळी. तिचं मी आज काही सांगत नाही." मंग त्यानं कागदावर बोट ठेवलं. "हे जिनिंगचं कोणी सांगितलं?"

"म्या सांगतलं साहेब," बाबा म्हने. "मले लाज वाटली."

मी तिथंच उभी होती. माही जीभ कुठं थांबत नाई, मास्तरसमोर नाई, मायसमोर नाई. तिथं थांबली. मी डॉक्टरच्या टेबलाचा पाय पाहत राह्यली.

हात काढून घरी आलो तं वस्तीतल्या बाया भेटाले आल्या. पंचफुलामावशी म्हने, "मशीनमंदी गेला काय वो भाऊ हात?"

"हो बाई, मशीनमंदीच," बाबा खाटेवरून म्हने.

तेवढ्यात सहदेवकाका आला. दारातच बसला. म्या चहा देला तं त्यानं डाव्या हातानं घेतला. उजवा हात दुपट्ट्याखाली होता.

"काका, हात दाखवा."

"काई नाई वं. दाना फुटला एक. वाळून जाईन."

म्या दुपट्टा वढला. करंगळीवर चिंधी होती, बाबाच्या चिंधीसारखीच पिवळी. बाबानं माह्याकडे पाह्यलं आन हळूच मान हालवली, नको म्हनून. चार बाया बसेल होत्या.

"मशीन नोती," मी म्हनलं. "बाबा कातड्याच्या गोदामात होता. सोमलाच्या पान्यानं हात गेला. डॉक्टरले जिनिंग म्या सांगतलं, बाबानं नाई. काका, उद्या माह्यासंग अमरावतीले चाला. काम इचारलं तं कातड्याचं सांगा."

पंचफुलामावशीनं कप खाली ठेवला, पदर सारखा केला.

"आमाले काय मालूम नोतं काय वं," ती म्हने. "वास तं येतच होता. मानसानं साऱ्याईसमोर रापी फेकली, त्याले कोन इचारन? पोटासाठी जाते बिचारा, म्हनून चूप होतो."

म्हंजे त्या दिवशी बाकड्यावरही तिले मालूम होतं. म्या ज्याईच्यापासून लपवलं, त्याईले सारं मालूम होतं. नोतं मालूम ते फक्त डॉक्टरले.

बाबानं भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीत डॉक्टरनं सहदेवकाकाले इचारलं, "काम काय करता?" काकानं माह्याकडे पाह्यलं, अगदी बाबानं पाह्यलं होतं तसं. म्या खाली पाह्यलं. त्याचं त्यानंच सांगतलं.

त्याची करंगळी गेली, हात राह्यला. आता तो विटा वाह्याले जाते. संध्याकाळी बाबाजवळ येऊन बसते, त्याले बिडी पेटवून देते. बाबाची गाठ मानेपर्यंत आली आहे. काका आला का मी चहा ठेवतो आन भाईर निघून जातो. तो चार बोटाचा हात बाबाच्या खाटेवर दिसला का माह्याच्यानं तिथं बसवत नाई.