बाई रागावल्या नव्हत्या

मी एक जुना मोबाइल आहे. डाव्या कोपऱ्यात तडकलेला, दुपारपर्यंतच चार्जिंग पुरणारा. मित्रांनो, माझ्या मालकिणीचा, कमळाबाईंचा, शेवटचा साधा दिवस मला नीट आठवतो. रविवार होता. भिवंडीच्या घरी बाई मेथी निवडत होत्या आणि त्यांची मुलगी पूर्वी मला हातात घेऊन वैतागली होती.

कारण होता 'चौथी ब' नावाचा ग्रुप. बाई वडप्याजवळच्या शाळेत शिकवत. वर्गातल्या बहुतेक घरांत एकच फोन, आणि तो वडिलांबरोबर कापडाच्या लूमवर नाहीतर गोडाऊनला ड्युटीवर जाई. म्हणून बाईंचा गृहपाठ निराळा असे. वडील घरी आले की मुलांनी एका प्रश्नाचं उत्तर बोलून पाठवायचं, मराठीत नाहीतर हिंदीत. दुसऱ्या दिवशी बाई मला स्टीलच्या ग्लासात उभं करत, म्हणजे माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचे.

ऋतिका नावाची मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. माझ्यातून मात्र तिने, वडिलांनी ट्रकमध्ये चढवलेलं खोकं नाशिक, नागपूर करत गुवाहाटीला कसं जातं, ते सगळं सांगितलं. वर्गाने नकाशावर बोट फिरवत तो रस्ता शोधला. त्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांनी माझंही कौतुक केलं.

पूर्वीला हे पटत नसे. ती कॉलेजात शिकवते, पुष्कळ वाचते. हे शिकवणं नाही, टाइमपास आहे, असं ती आईला म्हणे. त्या रविवारी पालकांच्या गुलाबांनी आणि शुभ सकाळांनी मी गच्च भरलो होतो. पूर्वीने सेटिंग बदललं. यापुढे ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन बोलणार.

"मग मुलं कशी बोलतील?" बाई म्हणाल्या. "उघड ते. मला नाही सापडत."

"उद्या बघू गं."

पहाटे बाई झोपेतच गेल्या.

त्यानंतर मी कपाटात पडून होतो, बंद. तीन आठवड्यांनी ऋतिकाचे वडील भूपेश ड्युटीवरून परस्पर आमच्या घरी आले. चहा नको म्हणाले, दारातच उभे राहिले.

"ताई, ग्रुपवर पोरांना बोलता येत न्हाय. ऋतिकानं मागचा अभ्यास पाठवला नव्हता. रोज इचारते, बाई आमच्यावर रागावून गेल्या का? मी काय सांगू तिला?"

ते गेल्यावर पूर्वीने मला बाहेर काढलं, चार्जिंगला लावलं आणि आईने सांगितलेलं ते एक काम केलं. ग्रुप उघडला. पण कोणीच काही बोलेना. मुलं आता घाबरली होती.

मित्रांनो, आम्ही यंत्रं. कोणाला बोलू द्यायचं आणि कोणाला गप्प करायचं, हे आम्हाला धरणारा हात ठरवतो. म्हणून बटण दाबण्याआधी एवढं बघत जा, की पलीकडून कोण काय सांगू पाहतंय.

पूर्वीने माइक दाबून धरला. दोनदा अर्ध्यात पुसून टाकलं. तिसऱ्यांदा म्हणाली,

"मी पूर्वी, बाईंची मुलगी. ऋतिका, बाई रागावल्या नव्हत्या. ग्रुप मी बंद केला होता. त्या 'उघड' म्हणाल्या, मी उघडला नाही."

तिने बोट उचललं नाही. मी ध्वनिमुद्रण चालू ठेवलं.

"माझी आई फार छान शिकवायची. मी तिला हे कधीच सांगितलं नाही."