दोन्ही कान ठणठणीत

हवालदार नाथाजीचे दोन्ही कान ठणठणीत असल्याचा कागद मंगळवारी घरात आला आणि बुधवारी सकाळी बनुबाईने बॅग भरायला घेतली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे नाथाजीला कळेना. नवऱ्याचा एखादा अवयव चांगला निघाला तर बायकोला हायसं वाटावं, अशी त्याची साधी समजूत. गुडघ्यांचे, साखरेचे, डोळ्यांचे कागद याआधी घरात आले होते आणि त्यातल्या एकातही काही चांगलं लिहिलेलं नव्हतं. तरी बनुबाईने तेव्हा कुठं जायचं नाव काढलं नव्हतं. हा पहिलाच चांगला कागद, आणि ही निघाली मेढ्याला, भावाकडं. बॅगेत तिने स्वेटर घातला. एप्रिल चालू होता.

“किती दिस?” नाथाजीने विचारलं.

बनुबाईने पाठमोरीच राहून काहीतरी उत्तर दिलं.

“व्हय,” नाथाजी म्हणाला.

यावर ती वळली आणि त्याच्याकडे अशी बघत राहिली, की त्याने आणखी एकदा, जरा खालच्या आवाजात, “व्हय” म्हटलं.

कागद आणायला लावला होता तिनेच. पलूसजवळच्या त्यांच्या गावात नाथाजीच्या कानांबद्दल दोन पक्ष होते. म्हातारा बहिरा झालाय, हा बनुबाईचा पक्ष. त्यात बहुतेक सगळ्या बायका होत्या. नाथाजीला सगळं ऐकू येतं, हा दुसरा पक्ष. त्यात पारावरची मंडळी होती आणि स्वतः नाथाजी होता. साताऱ्यात कुठल्याशा संस्थेने माजी सैनिकांसाठी मोफत तपासणी ठेवली, तेव्हा एकदाचा निकाल लागू दे म्हणून तिने त्याला एसटीत बसवून दिलं.

तिथं एका हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. टेबलाच्या अलीकडं नाथाजी, कानावर हेडफोन, हातात बटण. पलीकडं मशीन घेऊन बसलेला एक चष्मेवाला गृहस्थ. आवाज आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी, एवढंच काम. नाथाजीने ते चोख केलं. एकही आवाज सोडला नाही. चष्मेवाला म्हणाला, “काका, तोफखान्यात चोवीस वर्षं काढून असे कान मी अजून बघितले नव्हते.” हे वाक्य नाथाजीने गावात येऊन निदान दहा जणांना सांगितलं. अकरावी बनुबाई होती, बुधवारी, बॅग भरताना.

“म्हंजी तुमाला ऐकू येत हुतं,” ती म्हणाली. या वेळी समोर उभी राहून.

“येतंयच की.”

“मग त्या दिवशीबी ऐकलंसा.”

“कवा?”

“मी म्हशीखाली बसून सांगितलं तवा. अकरा वर्सं झाली. समदं सांगितलं. तुमी व्हय म्हणलासा, आन् च्या मागितलासा.” तिने बॅग बाजूला सरकवली. “आजवर मी मनाची समजूत घातली, की ऐकू गेलं नसंल. आता कागदच आला.”

नाथाजी आठवू लागला. अकरा वर्षांत तीन म्हशी झाल्या होत्या आणि चहा त्याने काही हजार वेळा मागितला होता. कुठली म्हैस, कुठला चहा, आणि ‘समदं’ म्हणजे काय? विचारावं तर पंचाईत. ऐकलं असेल तर ठाऊक असायला पाहिजे. ऐकलं नसेल तर कागद खोटा. आणि कागद खोटा नव्हता. त्याने स्वतःच्या कानांनी ते बारीक बारीक आवाज ऐकले होते, हे तो म्हशीच्या शेपटीवर हात ठेवून सांगायला तयार होता. म्हणून त्याने मधला मार्ग काढला आणि गप्प बसला. बनुबाईला तेवढं उत्तर पुरलं.

निवृत्त सुभेदार भाऊसो शेजारी राहत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला.

“नाथा, सोपं हाय. तुला बहिरं व्हावं लागंल.”

“मी बहिरा न्हाई, सुभेदार.”

“मग बायको गेली.”

“पण मी ते ऐकलं न्हाई!”

“मग बहिरा हाईस.”

“पण मला ऐकू येतंय!”

“गड्या,” भाऊसो म्हणाले, “ह्यातलं एक कायतरी ठरीव. मग लेखी आणू.”

असा एक कागद रद्द करायला दुसरा कागद आणायचा बेत ठरला, आणि शुक्रवारी तिघं साताऱ्याला निघाले. बनुबाई आली, कारण मेढ्याची गाडी साताऱ्यावरूनच सुटते. “एक वाजंपतुर थांबते,” तिने भाऊसोंना सांगितलं. नवऱ्याशी ती बोलत नव्हती. कऱ्हाडपर्यंत नाथाजीच्या हे ध्यानात आलं नाही. कऱ्हाडच्या पुढं भाऊसोंनी सांगितलं.

दवाखाना स्टँडपासून चार पावलांवर, एका जिन्याच्या वर होता. कान तपासणारी नूरीन नावाची तिशीतली मुलगी होती. तिने मंगळवारचा कागद वाचला.

“सगळं नॉर्मल आहे की, काका. मग आता काय पाहिजे?”

“बहिरा असल्याचं पाहिजे,” नाथाजी म्हणाला.

नूरीनने कागद खाली ठेवला. बहिरेपणाचे दाखले मागणारे तिला नवे नव्हते. कुणाला सवलत हवी असते, कुणाला बदली. “कशासाठी?”

नाथाजीने कोपऱ्यात बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या बनुबाईकडे बोट केलं. नूरीनने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि म्हणाली, “चला.”

आत एक लाकडी खोली होती, कपाटाहून थोडी मोठी, आतून सगळीकडून स्पंज लावलेली. दार लागलं तसा स्टँडवरचा सगळा गोंगाट कुणीतरी पोत्यात भरून नेल्यासारखा गेला. समोर काच, काचेपलीकडं नूरीन आणि मशीन. पुन्हा हेडफोन, पुन्हा बटण. नाथाजी बहिरा निघायला आला होता खरा, पण खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. आवाज आला, दाबलं. आला, दाबलं. त्याला स्वतःचीच कीव आली. एकही आवाज सुटत नव्हता.

मग काचेपलीकडं नूरीनने खांद्यावरची ओढणी सारखी केली. नाथाजीने बटण दाबलं.

नूरीन थांबली. तिने चष्मा वर सरकवला. नाथाजीने दाबलं. तिने पेन उचललं. दाबलं. मग तिने हात वर घेतला आणि सावकाश खाली आणला. नाथाजीने तर या वेळी इतक्या खात्रीने दाबलं, की बटण कुरकुरलं.

ती दार उघडून आत आली. “काका, शेवटच्या चार वेळी मी आवाज सोडलाच नव्हता.”

“पण मला आला की.”

“आला?”

“आला! बारीक, पण आला.”

ती खोटेपणा शोधायला त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिथं गोंधळाशिवाय काही नव्हतं. “तोफेवर तुम्ही नेमकं काय करायचात?” तिने विचारलं.

उत्तर दारातून भाऊसोंनी दिलं. “आवं ताई, तोफंवर कानावर कोण भरवसा ठेवतंय? एकदा फायर चालू झालं की कान गेले कामातनं. समदं हातावर चालतंय. साहेबाचा हात वर, तयार. हात खाली, फायर. चोवीस वर्सं.”

“आणि फौजेत कान तपासायचे, तेव्हा?”

आता नाथाजीने मान खाली घातली. दरवर्षी तपासणी असायची. वीस फुटांवर पाठ करून उभं राहायचं, मागून डॉक्टर कुजबुजणार, तो शब्द आपण परत म्हणायचा. कमी ऐकू आलं की कॅटेगरी उतरली, मग तोफेवरून थेट भांडारात. नाथाजीला भांडारात जायचं नव्हतं. त्याच्या समोरच्या भिंतीशी औषधांचं काचेचं कपाट होतं आणि काचेत डॉक्टरचे ओठ दिसत. “पण ते तवा,” तो म्हणाला. “आता म्या मुद्दाम न्हाई केलं.”

“माहीत आहे,” नूरीन म्हणाली. “तुम्ही नाही केलं. तुमच्या अंगठ्याने केलं.” आणि तिने त्याची खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडं केलं.

त्यानंतरची पंधरा मिनिटं नाथाजीच्या आयुष्यातली सगळ्यात शांत होती. सुरुवातीला काही जाडे, घुमणारे आवाज आले. मग काहीच नाही. त्याला वाटलं मशीन बंद पडलं. मग वाटलं मुलगी जेवायला गेली. समोर नुसता स्पंज होता, आणि स्पंजाला हात नसतो.

शेवटी तिने त्याच्या कानात एक मऊ बोंडी बसवली आणि म्हणाली, यात बटण नाही, काही करायचं नाही. चांगल्या कानात आवाज सोडला की कान आतून स्वतःचा एक बारीक आवाज परत देतो. तो मशीन ऐकतं. माणसाला विचारायची गरजच नाही. नाथाजीला हे अपमानास्पद वाटलं. आपल्या कानाने आपल्या पाठीमागे परस्पर जबाब द्यावा! पण कानाने जबाब दिला नाही. बारीक आवाजांच्या बाजूला तर अजिबातच नाही.

बाहेर येऊन नूरीनने त्याच्या ऐकण्याचा छापील नकाशा टेबलावर ठेवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डावीकडून निघालेल्या रेघा थोडा वेळ सपाट चालल्या होत्या आणि मग घाट उतरावा तशा खाली कोसळल्या होत्या.

“कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते. आत पाणी, आणि पाण्यात उभे बारीक केस, हजारोंनी. आवाज आला की पाणी हलतं, केस हलतात, ते मेंदूला कळवतात. दाराशी असलेले केस बारीक, टोकदार आवाजांचे. अगदी आत असलेले जाड आवाजांचे.” तिने बनुबाईकडे बघितलं. “तुमच्या शेतात ऊस आहे ना, मावशी? गाडी आत शिरली की कुठला ऊस तुडवला जातो?”

“बांधाकडचा,” बनुबाई म्हणाली.

“तसंच. तोफेने दाराजवळचे केस तुडवले. आणि ऊस परत फुटतो, हे फुटत नाहीत. म्हणून काकांना ट्रॅक्टर ऐकू येतो, पारावरची माणसं ऐकू येतात. पण पोरांचा, बायकांचा आवाज बारीक. त्यातून स, त, फ असली अक्षरं तर गळूनच जातात. उरलेलं ते तोंडाकडं, हाताकडं बघून भरून काढतात. इतकं पटकन, की त्यांना वाटतं ऐकलं. पाठ फिरली की संपलं.”

“म्हंजी बायकूचं ऐकू न येणं, ह्याला सायन्सचा आधार हाय?” भाऊसोंनी विचारलं. “ताई, ह्या कागदाची एक झेरॉक्स मलाबी द्या.”

नाथाजी बनुबाईकडे बघत होता. काम फत्ते झालं होतं, तो लेखी बहिरा होता, आता बॅग उघडायला हरकत नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसेना.

“म्हंजी,” ती सावकाश म्हणाली, “मी ते म्हशीला सांगितलं.”

नाथाजी चक्रावला. ऐकलं होतं तरी चूक, ऐकलं नव्हतं तरी चूक. मग माणसाने नेमकं करायचं तरी काय? “तुला बरं वाटलं का वाईट?” त्याने सरळ विचारलं.

“मलाबी कळंना,” बनुबाई म्हणाली.

साडेबारा वाजून गेले होते. नाथाजीने बॅगेचा बंद हातात धरला. “मग आता सांग.”

“हितं?” तिने भाऊसोंकडं बघितलं. सुभेदार एकदम भिंतीवरचं कानाचं चित्र वाचू लागले. नूरीन उठली आणि तिने त्या लाकडी खोलीचं दार उघडून धरलं. दुसरी खुर्ची तिने स्वतः आत नेऊन ठेवली, समोरासमोर.

दार लागलं. बनुबाई खाली बघून बोलू लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण मधेमधे पदर आडवा येत होता आणि नाथाजीपर्यंत नुसता घुं-घुं असा आवाज पोचत होता. मान डोलवायची सवय त्याच्या मानेला होती. ती एकदा डोललीसुद्धा. मग त्याने ती थांबवली.

“ऐकू न्हाई आलं,” तो म्हणाला. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य तो तिला पहिल्यांदा म्हणत होता. “वर बघून बोल.”

तिने रागाने वर बघितलं. राग तिला उपयोगी पडला; आवाज मोठा झाला.

“आपली पहिली पोरगी. नऊ दिसांची गेली ती.”

ते त्याला ठाऊक होतं. तो सीमेवर होता, पंधरा दिवसांनी पत्र आलं होतं, दोन ओळींचं.

“बारसं झालं न्हवतं. आत्याबाई म्हणल्या, बिनानावाचीच गेली, बरं झालं, जीव अडकत न्हाई. पण ती बिनानावाची न्हवती.” बनुबाईने श्वास घेतला. “आठव्या दिवशी अंग तापलं तवाच मला कळलं हुतं. घरात कोण न्हवतं. म्या एकटीनंच तिच्या कानात नाव सांगितलं. कुणाला बोलले न्हाई. म्हशीखाली बसून तुमालाच पयल्यांदा बोलले.”

“काय नाव?”

तिने सांगितलं.

“पुन्यांदा.”

तिने पुन्हा सांगितलं. त्याने डोकं हलवलं, खुर्ची पुढं ओढली आणि डावा कान तिच्यापुढं केला. निळ्या फुल्या जराशा वर होत्या, तेवढाच आधार. बनुबाई वाकली. त्याला तिचे ओठ आता दिसत नव्हते. काहीच दिसत नव्हतं, नुसता स्पंज.

“सुलोचना?” त्याने विचारलं.

“सुलोचना.”

नाथाजीने ते नाव तोंडात घोळवलं. मग सरळ बसला, छाती भरून घेतली आणि ज्या आवाजात बहिरी माणसं बोलतात त्या आवाजात त्याने आपल्या मुलीला पहिल्यांदा हाक मारली. काचेपलीकडं नूरीनने दचकून मान वर केली.

बनुबाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“हळू,” ती म्हणाली. “एवढ्यानं भिईल ती.”