आर्डिसची मतं

"घरात मुलं आहेत?" आर्डिसनं विचारलं.

"दोन," काचेच्या कपाटापलीकडचा तरुण नवरा म्हणाला. त्याचं बोट एका काळ्या पिस्तुलावर होतं.

"झोपतात कुठं?"

"आमच्या शेजारच्या खोलीत."

"मधली भिंत कसली आहे?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. बायको म्हणाली, "पातळ आहे. ह्याचं घोरणं पोरांना ऐकू जातं."

"मग घोरणं जातं तिथून गोळीही जाईल," आर्डिस म्हणाली. "आधी अंगणात दिवा लावा, कुणी हललं की आपोआप लागणारा. मग कुत्रा आणा. चावला नाही तरी चालेल, भुंकता आलं पाहिजे. दाराचं कुलूप बदला. एवढं करूनही भीती उरली तर परत या. मी छऱ्यांची शॉटगन दाखवीन आणि ती बंद ठेवायची पोलादी पेटीही दाखवीन. पेटी नको असेल तर शॉटगनही मिळणार नाही."

जोडपं पलीकडच्या रांगेतून एक दिवा आणि एक कुलूप घेऊन गेलं. दुकानाचा मालक रॉइस हागेन गल्ल्यापाशी उभा होता. त्यानं सुस्कारा टाकला. "आर्डिस, आपण बंदुका विकतो. तुम्हाला ते आठवतंय ना?"

"दिवेही विकतो," आर्डिस म्हणाली.

अमेरिकेतल्या मोन्टाना राज्याच्या पूर्वेकडच्या माळावर नॉर्डबी नावाचं ते गाव. खिळे, कुंपणाची तार, गुरांचं औषध आणि बंदुका असं सगळं एकाच छपराखाली ठेवणारं हागेनचं दुकान. आर्डिस टोलेफसन तिथं रॉइसच्या बापाच्या वेळेपासून बंदुकांच्या कपाटामागं उभी होती. दर नोव्हेंबरात ती स्वतः हरणाच्या शिकारीला जायची आणि फ्रीझर भरून घ्यायची. बंदूक बाळगायच्या हक्कावर कुणी बोट ठेवलं, तर त्याला चहूबाजूंनी घेरून गप्प करायची. पण घरात कुणी, कसली आणि कशासाठी बंदूक ठेवावी यावर तिची ठाम मतं होती, आणि ती विकत घेणाऱ्याला ऐकून घ्यावीच लागत. माणसावर बंदूक रोखायची वेळ तिच्यावर कधीच आली नव्हती. लोक चोर पळवल्याच्या गोष्टी सांगत, आणि ती हीच गोष्ट त्यांच्याइतक्याच अभिमानानं सांगायची.

दुसरं मत निवडणुकीबद्दल होतं. गव्हर्नरपदाला उभा राहणारा माणूस आपल्या जोडीला उपगव्हर्नरपदासाठी दुसरा उमेदवार घेतो आणि मतपत्रिकेवर दोन्ही नावं एकत्र येतात. आर्डिस पहिलं नाव वाचायचीच नाही म्हणे. दुकानातल्या कॉफीच्या भांड्याभोवती जमणाऱ्या म्हाताऱ्यांना ती सांगायची, "पहिला माणूस जन्मभर स्वतःला विकत असतो, त्याचं काय खरं? दुसरा त्यानं निवडलेला असतो. पहिला उद्या मेला, तर राज्य कुणाच्या हाती द्यायचं ठरवलंय त्यानं, ते बघा. माणूस कळतो."

या मताला सगळ्यांत जास्त विरोध मर्ल ब्रँडवोल्डचा. मर्ल काउंटीची बर्फ हटवायची गाडी चालवून निवृत्त झालेला. त्याचा पक्ष वेगळा, हिचा वेगळा.

"निवडीवरून माणूस कळतो म्हणतेस," मर्ल एकदा म्हणाला, "मग तुझ्या नवऱ्यानं तुला निवडलं, त्यावरून काय कळतं?"

"त्याला लांबचं दिसत नव्हतं," आर्डिस म्हणाली, आणि मर्लच्या नाकातून कॉफी आली.

ते दिवस मागं पडले. एप्रिलमध्ये मर्लची बायको जॉइस गेली. उन्हाळ्यात तो कॉफीला अधूनमधून यायचा, कप हातात धरून बसायचा आणि तसाच भरलेला ठेवून जायचा. शेतांतून बीट निघायला लागलं तेव्हा त्याचं येणं थांबलं. आर्डिसनं दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, बरा आहे, कामात आहे. कसलं काम ते सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या एका सकाळी रॉइसनं टाय बांधला होता. मर्लच्या पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवाराचा जोडीदार ड्वाइट एंगस्टॅड दुकानात येणार होता. पहिला उमेदवार टीव्हीवर घोड्यावर बसून भाषण करायचा, आणि घोडा भाड्याचा असल्याचं आर्डिसनं त्याच्या बैठकीवरून ओळखलं होतं. एंगस्टॅडला तिनं अजून पाहिलं नव्हतं. तो आला तेव्हा साधा जाडजूड गुरंवाला निघाला, हात खरखरीत. त्याच्याबरोबर कॅमेरावाला होता.

"बाई, तुम्ही नेहमीसारखं काम करा," कॅमेरावाला म्हणाला. "एखादं गिऱ्हाईक आलं, त्याला बंदूक दाखवलीत, साहेब दोन शब्द बोलले, की झालं."

तेवढ्यात मर्ल आत आला.

त्यानं स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. गळ्यापाशी तो सैल झाला होता. कॉफीच्या भांड्याकडं न बघता तो सरळ बंदुकांच्या कपाटापाशी आला.

"एक रिव्हॉल्व्हर दाखव," तो म्हणाला.

"ये ना मर्ल. बस आधी."

"बसायला नाही आलो. घराच्या रक्षणासाठी पाहिजे. चोऱ्या वाढल्यात म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक."

कॅमेरावाल्याचा चेहरा खुलला. इतकं मनासारखं गिऱ्हाईक त्याला मागूनही मिळालं नसतं. एंगस्टॅड पुढं झाला, मर्लशी हात मिळवला, आणि घर म्हणजे माणसाचा किल्ला असं काहीतरी बोलला. कॅमेऱ्यावर तांबडा ठिपका लागला.

आर्डिसनं कपाट उघडून एक रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं, पण हात त्याच्यावरच ठेवला. हा माणूस दाराला कधी कुलूप लावत नाही, हे तिला ठाऊक होतं. गाडीची किल्ली गाडीतच ठेवणारा माणूस.

"तुझी हरणाची रायफल आहे की," ती म्हणाली.

"लेकीनं नेली. जावयाला पाहिजे होती म्हणे."

जावई शाळेत संगीत शिकवायचा. त्यानं उभ्या जन्मात ससाही मारला नव्हता.

"आणि टिली? टिली भुंकते ना परकं माणूस आलं की?" टिली म्हणजे मर्लची म्हातारी काळीपांढरी कुत्री.

"दिली."

"कुणाला?"

"शॅफरकडं. त्यांचं कुरण मोठं आहे. बरं होईल तिचं."

"कधी?"

"रविवारी. तिची वाटी, तिची सतरंजी, सगळं देऊन टाकलं. मागं काही राह्यला नको." त्यानं खिशातून पाकीट काढलं. "किती झाले ते सांग."

आर्डिसनं रिव्हॉल्व्हर उचललं, आत ठेवलं आणि कपाटाला किल्ली फिरवली.

"मर्ल, मी तुला हे विकणार नाही."

रॉइस घाईघाईनं जवळ आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "आर्डिस, कॅमेरा चालू आहे."

"मला दिसतोय."

मर्लचा चेहरा लाल झाला होता. "मी काय चोर आहे का दरोडेखोर? माझ्या नावावर साधा वेगाचा दंड नाही. हक्क आहे माझा. तूच बोंबलत असतेस ना हक्क, हक्क?"

"हक्क आहे. उद्या कुणी काढून घ्यायला आलं तर तुझ्या बाजूनं मीच भांडेन. पण आज विकायचं की नाही, हे दुकानानं ठरवायचं असतं."

"दुकान माझं आहे," रॉइस म्हणाला.

"आहे. मग तू वीक." तिनं किल्ली काचेवर ठेवली. "रविवारी ह्यानं कुत्री दिली, रॉइस. वाटीसकट. किल्ली उचलायच्या आधी एकदा ह्याच्या तोंडाकडं बघ, एवढंच माझं म्हणणं."

रॉइसनं बघितलं. त्याची थोरली मुलगी जन्मली त्या हिवाळ्यात सगळे रस्ते बंद होते, आणि त्याच्या बायकोची रुग्णवाहिका मर्लच्या गाडीमागून बर्फ कापत शहरात पोचली होती. रॉइसनं टायची गाठ सैल केली. किल्लीला त्याचा हात गेला नाही.

आर्डिसची नजर एंगस्टॅडवर गेली. आता हा काय करतो? तिला वाटलं, हक्कावर भाषण ठोकायला यापेक्षा चांगली संधी त्याला मिळणार नाही.

एंगस्टॅडनं डोक्यावरची हॅट काढली. "बंद कर ते," तो कॅमेरावाल्याला म्हणाला.

"साहेब, पण हे तर..."

"बंद कर म्हटलं. आणि काढलंस तेवढं पूस. मला दाखवून पूस." मग तो रॉइसकडं वळला. "मिस्टर हागेन, मला जरा कुंपणाची तार दाखवता?"

ते तिघं दुकानाच्या पार टोकाला गेले. कपाटापाशी दोघंच उरली.

"गावासमोर लाज काढलीस माझी," मर्ल म्हणाला.

"काढली. त्याच्यावरून नंतर भांडू." ती कपाटाला वळसा घालून त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. "मी सरळ विचारते, तू सरळ सांग. जीव द्यायचं मनात आहे?"

बाहेरून बीटानं भरलेला ट्रक गेला. काचा थरथरल्या. मर्लनं पाकीट खिशात घालायचा प्रयत्न केला. ते खिशात जाईना.

"घरात आवाजच नाही, आर्डिस," तो शेवटी म्हणाला. "रेडिओ लावावा तर तो तिच्या स्टेशनवर असतो. बदलवत नाही, ऐकवतही नाही."

"हं."

"मी काही ठरवलेलं नव्हतं. म्हणजे... ठरवलं होतं बहुतेक."

आर्डिसनं त्याच्या हातातलं पाकीट घेतलं आणि नीट त्याच्या खिशात घातलं. मग खुंटीवरचा कोट काढला. "चल."

"कुठं?"

"आधी शॅफरकडं, टिलीला आणायला. मग तुझ्या लेकीला फोन. मग डॉक्टरकडं. मी बरोबर आहे."

"आणि दुकान?"

"मी बघतो," तारांच्या भेंडोळ्यांमागून रॉइसचा आवाज आला.

शॅफरच्या अंगणात टिली ट्रॅक्टरखाली सावलीला पडली होती. मर्लला पाहून ती उड्याबिड्या मारत आली नाही. सावकाश उठली, त्याचे बूट हुंगले आणि आपल्या पायांनी जाऊन गाडीच्या दारापाशी बसली. शॅफरबाई काही न विचारता वाटी आणि सतरंजी घेऊन आल्या. मर्लनं कुत्रीला उचलून आत ठेवलं आणि दार धरून तो तसाच रडत राहिला. आर्डिसनं वळून नांगरलेल्या शेताकडं पाहायला सुरुवात केली, आणि त्याचं होईपर्यंत पाहत राहिली.

लेक त्याच दिवशी आली. रायफल जावयासाठी नेली नव्हती, हे तिनं आर्डिसपाशी कबूल केलं. भीती तिलाही होती, पण बापाला तोंडावर विचारायचा धीर झाला नव्हता. डॉक्टरांनी औषध दिलं, आणि दर गुरुवारी बोलायला यायला सांगितलं. मर्ल जायचा.

सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र नाही. गावात बोललं गेलं. एका जुन्या गिऱ्हाइकानं दुकानात येऊन सुनावलं, की उद्या ही बाई मलाही वेडा ठरवील, आणि तो पुन्हा आला नाही. रॉइस तिला म्हणाला, "पुढच्या वेळी निदान कॅमेरा जाईपर्यंत थांबा." पण आर्डिस दर शनिवारी बंदूक हाताळायचा वर्ग घ्यायची, त्यात एक तास त्यानं वाढवून दिला, कुणाला नाही म्हणावं आणि कसं, ते शिकवायला. शेजारच्या दोन गावांतले दुकानदार त्या वर्गाला आले. मर्ल रोज कॉफीला यायला लागला, कारण लेकीनं तशी अट घातली होती. पण आर्डिसकडं पाठ करून बसायचा. ती त्याचा कप भरून त्याच्या पाठीमागच्या फळीवर ठेवायची. तो न वळता हात मागं करून घ्यायचा. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तो पाठमोराच म्हणाला, "कॉफी पातळ झालीय." आर्डिस म्हणाली, "आयता कप मिळतोय तर नावं ठेवतोस होय?" त्यानंतर तो वळून बसायला लागला.

नोव्हेंबरात मतदान आलं. शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडली होती. वाऱ्यात कडक थंडी होती. आर्डिस रांगेत उभी राहिली तेव्हा मर्ल तिच्या पुढंच होता. त्यानं दाढी केली होती, पण हनुवटीखाली खुंटांचा एक पट्टा राहून गेला होता. तो दाखवून देणारं घरात कुणी नव्हतं. आर्डिसनंही दाखवला नाही.

"मग?" मर्लनं विचारलं. "तुझा तो जोडीदार पाहून झाला ना डोळ्यांनी? आता कुणाला?"

"माणूस चांगला आहे," आर्डिस म्हणाली. "निवड चांगली केली पहिल्यानं, मान्य."

"म्हणजे यंदा आमच्या पक्षाला?"

"छे. मत नाही देणार."

"अगं, तुझंच तत्त्व ना ते?"

"तत्त्व आहे. पण तो घोड्यावर फार वाईट बसतो रे."

मर्ल हसला. एप्रिलनंतर तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं. पुढचे लोक मागं वळून बघायला लागले. हसू ओसरलं तसा तो टोपी हातात घेऊन समोरच्या मतदानाच्या आडोशांकडं पाहत राहिला.

"जॉइस तुमच्या पक्षाची होती," तो म्हणाला. "दर वेळी आम्ही एकाच गाडीतून यायचो, एकमेकांचं मत पुसायचो आणि जाताना केक खाऊन घरी जायचो. मी म्हणायचो, बाई, दोघंही घरी बसलो तरी हिशेब तोच. ती म्हणायची, तू बस, मी जाते."

रांग सरकली. त्याची पाळी आली. टेबलामागच्या बाईनं त्याला मतपत्रिका दिली. ती घेऊन तो तसाच उभा राहिला.

"यंदा माझं मत मोजलं जाणार," तो म्हणाला.

"नाही मोजलं जाणार," आर्डिस म्हणाली. "पुसायला मी आहे ना."

मर्लनं तिच्याकडं पाहिलं. मग मान हलवली, चष्मा चढवला आणि आडोशात गेला. आर्डिस आपली मतपत्रिका घेऊन शेजारच्या आडोशात उभी राहिली. मधली फळी पातळ होती. पलीकडं त्याचं पेन कागदावर हळू, ठाम घासताना ऐकू येत होतं. ते थांबेपर्यंत तिनं आपलं पेन उचललं नाही.